ड्रायव्हरची सीट सरकवू नये

जुनी गाडी विकणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! हे मी मुलीला ठणकावून सांगितलं, आणि सांगताना उजवा हातही कमरेवर ठेवला.

का नाही सांगणार? अख्खी नोकरी मी वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीत काढली. खिडकीबाहेर माणूस, आत मी, आणि माझ्या हातात लाल पेन. माणूस लिहून आणायचा, 'अप्रतिम कपाट, अगदी नव्यासारखे.' मी 'अप्रतिम' खोडायचो. 'नव्यासारखे' खोडायचो. मग चष्म्यावरून बघत विचारायचो, "दार लागतं का?" माणूस मान खाजवायचा! मग मी लिहायचो, 'कपाट. दार लागत नाही.' आणि तुम्हाला सांगतो, ते कपाट लगेच जायचं. खोड आधी कळली की घेणारा भांडायला येत नाही. कौतुक छापलं की हमखास येतो, आणि तोही माझ्याच खिडकीवर!

आता गाडीबद्दल. गाडी म्हणजे जुनी जीप, चारही चाकांनी ओढणारी. ती चालवायची आमची ही. ही जनावरांची डॉक्टर. कुठे गाय अडली, कुठे बकरी फुगली, असा फोन आला की ही निघाली. रस्ता असो नसो. नसला तर जास्त खूश! सुट्टीच्या दिवशी मी शेजारच्या सीटवर बसायचो. समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि 'सावकाश' म्हणायचं, एवढंच माझं काम. ही म्हणायची, "तुम्ही सावकाश म्हणालात की मला कळतं, अजून थोडी पळवता येईल."

ही गेली आणि गाडी अंगणात उभी राहिली. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यात जाऊन बसायला लागलो. अर्थात शेजारच्या सीटवर. आपलीच गाडी, आपलाच चहा, कोणाला काय त्याचं? पण समोरच्या वहिनींनी माझ्या मुलीला फोन केला. "तुझे बाबा रोज गाडीत बसतात गं, पण जात कुठेच नाहीत."

मुलगी धावतच आली.

"बाबा, ही गाडी आता जायला हवी."

"कुठे?"

"कुठेही! अशानं तुम्ही एक दिवस गाडीतच राहायला जाल."

"छे, छत गळतं तिचं."

"म्हणजे विचार करून झालाय तुमचा!"

तिने भंगारवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. रविवारी येऊन तो गाडी घेऊन जाणार, कापणार आणि पत्रा वेगळा, इंजिन वेगळं करणार.

"तुझ्या आईची गाडी कापायची?"

"मग तुम्ही विका ना! तिला चिखलात घालणारा कोणी चांगला माणूस बघा. पण रविवारपर्यंत. नाहीतर भंगारवाला."

तेव्हा मी तो डाव्या हातचा मळ काढला.

जाहिरात लिहायला बसलो. कौतुक एकही नाही, नियम म्हणजे नियम. लिहिलं ते असं:

'जुनी जीप विकणे आहे. चिखलात, ओढ्यात, चढावर नीट चालते. डांबरी रस्त्यावर कंटाळते व बंद पडते. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो. उजवीकडे वाजवला तरी वाजत नाही. पावसात आत छत्री लागते. ब्रेक लागतात, पण विचार करून. मागे बकरीचा वास आहे. निरनिराळे साबण वापरले. ड्रायव्हरची सीट पुढे अडकली आहे. ती कोणीही सरकवू नये.'

शेवटचं वाक्य तसं जाहिरातीत बसत नाही. दुसऱ्या कोणी आणलं असतं तर मीच खोडलं असतं. पण आमची ही होती ठेंगणी. सीट पार पुढे ओढून, जवळजवळ स्टीअरिंगच्या चाकाला हनुवटी टेकवून चालवायची. ती सीट तिथे आहे तोवर ही कुठे बसायची ते दिसतं. मागे सरकवली की ती कुणाही ड्रायव्हरची सीट झाली. हे सगळं जाहिरातीत कसं लिहिणार? म्हणून 'सरकवू नये' एवढंच लिहिलं.

जाहिरात सकाळी छापून आली आणि चहा गाळायच्या आत फोन!

"तुम्हीच का हो ते निरनिराळे साबणवाले?"

"जीपवाला मी."

"हो, हो, तेच!" पलीकडे हसण्याचा स्फोट. "आमची आख्खी कचेरी हसतेय! बायकोला फोन देतो, तिला 'विचार करून' तेवढं म्हणून दाखवा!"

फोन ठेवला की दुसरा. दुसरा ठेवला की तिसरा. न्हाव्याने जाहिरात कापून आरशावर चिकटवली. कोणीतरी तिचा फोटो मोबाइलवर फिरवला. जो तो हसतोय! मला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे? वास आहे म्हणजे आहे!

दुपारपासून माणसं यायला लागली. गाडी घ्यायला नव्हे, बघायला. लेकुरवाळी कुटुंबं, म्हाताऱ्यांच्या टोळ्या. जणू माझ्या अंगणात पाणघोडाच आणून बांधलाय!

"काका, एकदा डावीकडे वळवून दाखवा ना!"

मी खिडकीतून हात घालून चाक डावीकडे फिरवलं. पोंऽऽ! टाळ्या! पोरांनी तर रांग लावली. प्रत्येकाला एकदा डावीकडे. संध्याकाळपर्यंत बॅटरीने मान टाकली. घेणारा मात्र एक नाही. एका गृहस्थांनी फक्त मागचा वास घेतला, "खरंच आहे हो!" म्हणून माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि निघून गेले.

मुलगी कपाळाला हात लावून उभी.

"बाबा, ही जाहिरात आहे की गाऱ्हाणं? जरा चांगलं लिहा. सगळे लिहितात तसं."

तिच्या हट्टापायी दुसरी जाहिरात लिहिली. 'उत्तम स्थितीतील जीप विकणे आहे. एकदा पाहाच.' 'उत्तम' लिहिताना मी असा इकडेतिकडे बघत होतो, जणू कोणाची खोटी सही करतोय! ती छापून आली आणि लोक आणखीच लोळले.

"काका, 'उत्तम स्थिती'! कमाल केलीत! पहिलीपेक्षा ही भारी!"

आता तुम्हीच सांगा, खरं लिहिलं तरी हसतात, खोटं लिहिलं तरी हसतात. माणसाने लिहावं काय?

तेवढ्यात गर्दीतल्या एका टोपीवाल्याने विचारलं, "सीट का नाही सरकवायची?"

"आहे कारण."

"काय?"

"घरगुती आहे."

बस! एवढंच म्हणालो मी. पण टोपीवाल्याने एक भुवई वर केली, शेजारच्याकडे बघितलं, त्याने त्याच्या शेजारच्याकडे. संध्याकाळी समोरच्या वहिनी वाटीभर साखर मागायला आल्या. वाटी मात्र आणली नव्हती.

"भाऊजी, सीटखाली काही आहे का हो? मी कोणाला सांगणार नाही."

"काही नाही, वहिनी."

"बरोबर! सगळ्यांना असंच सांगा."

दुसऱ्या दिवशी माझ्या सीटखाली सोनं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या सोन्याची बिस्किटं झाली. मी जितका 'काही नाही' म्हणायचो, तितकी बिस्किटं वाढायची! एकाने फोन करून विचारलं, "नुसती सीट विकणार का? गाडी तुमच्याकडेच ठेवा." भंगारवाला तर रविवारची वाट न बघता आला. गाडीभोवती फिरला, बॉनेट उघडलं नाही, टायरला लाथ मारली नाही, थेट सीटपाशी येऊन वाकला.

"काका, ठरल्यापेक्षा जास्त देतो. आहे तशी द्या. आतलं काही काढू नका."

"काढायला काही नाहीये!"

"तेच म्हणतो मी," त्याने डोळा मारला.

रविवार उजाडला. अंगणात ही गर्दी! भंगारवाला टेम्पो, साखळी आणि दोन मेहुणे घेऊन हजर. माझा चहा तसाच गार. चिखलात घालणारा चांगला माणूस काही मिळाला नव्हता. आता गाडी कापली जाणार, आणि मी ते बघत उभा राहणार.

इतक्यात फाटकातून एक माणूस आला. आला कसला, वाकून आत शिरला. शिडीला सदरा घालावा तसा उंच! हातात माझी पहिली जाहिरात.

"ओढ्यात चालते म्हणालात. किती पाण्यात?"

मी बघतच राहिलो. इतक्या दिवसांत पहिला माणूस, ज्याने गाडीबद्दल काही विचारलं!

"माझ्या गुडघ्यापर्यंत. म्हणजे हिच्या मांडीपर्यंत."

"चालेल. माझ्या मधमाशांच्या पेट्या डोंगरावर असतात. वर रस्ता नाही."

"मागे वास आहे."

"वाचलं. माशा काही म्हणणार नाहीत."

हसला नाही! एकदासुद्धा हसला नाही! त्या क्षणी मला तो माणूस पोटच्या पोरासारखा वाटला.

चालवून बघायची म्हणाला. बॅटरी मेलेली. मग मुलीने भंगारवाल्याच्याच टेम्पोच्या बॅटरीवर गाडी चालू करून घेतली. त्याचं तोंड अगदी बघण्यासारखं झालं होतं. उंच माणूस ड्रायव्हरच्या सीटवर बसला, म्हणजे घडी घालून स्वतःला आत कोंबलं. गुडघे कानाशी, मान छताला.

"सीट जरा—"

"नाही!" मी ओरडलो.

"बरं," तो म्हणाला. का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

मी शेजारी बसलो. गाडी गल्लीमागच्या ओढ्याकडे निघाली आणि मागे अख्खी गर्दी! स्कूटर, सायकली, वहिनी आणि मुलगी चालत, भंगारवाला टेम्पोतून. सोनं पळून जातंय ना!

ओढ्यात उतरलो. पाणी आलं, गाडी खूश झाली. पलीकडचा चढ उभा होता, अगदी भिंतीसारखा. उंच माणसाला ब्रेक मारायचा होता, पण गुडघा चाकाखाली अडकलेला. पाय सुटला तो नेमका दुसऱ्याच पेडलवर पडला. गाडीने अशी उडी मारली की माझा चष्मा मागे बकरीच्या जागी जाऊन बसला! आणि चढाच्या मध्यावर आवाज झाला. खाडकन!

सीट मागे गेली. पार शेवटपर्यंत.

गाडी थांबली. उंच माणसाचे पाय सरळ झाले होते. मी तिकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं.

"सरकली! सरकली!" गर्दी पाण्यातून धावत आली. भंगारवाल्याने दार उघडलं आणि डोकं सीटखाली घातलं. सगळे श्वास रोखून उभे. एक मेहुणा टॉर्च धरून. बऱ्याच वेळाने भंगारवाला बाहेर आला आणि मूठ उघडली.

लेंड्या. बकरीच्या.

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या.

"त्याही वाळलेल्या," भंगारवाला म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

मग लोक माझ्यावर उलटले. टोपीवाला मोजे पिळत ओरडला, "फसवलंत आम्हाला!"

"मी काय म्हणालो होतो?"

"सीटखाली काही नाही म्हणालात!"

"मग?"

"म्हणूनच तर आलो ना आम्ही!"

भंगारवाल्याने "मला नको ती," म्हणून टेम्पो वळवला. सगळे चुबुक चुबुक बूट वाजवत पांगले. ओढ्याकाठी मी, मुलगी आणि उंच माणूस, असे तिघंच उरलो.

मी खाली उतरून सीट पुढे ओढून बघितली. हलेना. मुलीने जोर लावला. हलेना. मग उंच माणूस चिखलात गुडघे टेकून खालून ओढायला लागला. कपाळाला ग्रीस, दाढीत चिखल. सीट आपली ढिम्म.

तो म्हणाला, "काका, तुम्हाला पुढेच हवी असेल तर मी बडवून पुढे आणतो. गुडघे वर घेऊन चालवीन. सवय होईल."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी नाक पुसलं.

"राहू दे," मी म्हणालो. "ही असती तर ओरडली असती. अवघडून बसलेला माणूस रस्ता बघत नाही, गुडघे बघतो."

झाला व्यवहार! घरी येऊन कागद झाले, किल्ली दिली, हात मिळवले. मी मुलीला म्हटलं, "बघ, विकली की नाही? चांगल्या माणसाला विकली. एक शब्द खोटा नाही!" तिचे डोळे भरले होते, पण मानेनं हो म्हणाली. गाडी चालू झाली. मुलीने हात हलवला. मीही हलवला. ती हलवतच राहिली. मीही. गाडी काही पुढे जाईना.

"काका," उंच माणूस हळूच म्हणाला.

"हं?"

"मी डोंगरावर निघालोय."

"हो हो, निघा ना! जपून जा."

"तुम्ही गाडीत बसलाय."

मी बघितलं. खरंच बसलो होतो! शेजारच्या सीटवर, दांडा धरून. कधी चढलो ते देव जाणे. आता मुलीसमोर खाली उतरायचं? एवढी फुशारकी मारल्यावर?

"माहीत आहे मला!" मी खडसावलं. "चढावर नीट जाते का, ते बघायला येतोय. विकणाऱ्याची काही जबाबदारी असते की नाही? चला!"

गेलो. गाडी डोंगर अशी चढली म्हणता, की विचारू नका! वर भरपूर हवा, पेट्यांच्या रांगा, गुणगुण. मी एका दगडावर बसून छान श्वास घेतला. फार दिवसांनी कुठेतरी पोचलो होतो. तेवढ्यात मुलीचा फोन.

"बाबा, कुठे आहात?"

"डोंगरावर."

"तिथे कशाला?"

"गाडी पोचवायला."

"आणि परत कशातून येणार?"

मी वळून गाडीकडे बघितलं. उंच माणसाने खाली न्यायच्या पेट्या मागे रचल्या होत्या. जागा पुरली नाही म्हणून शेवटची पेटी त्याने माझ्या सीटवर ठेवली होती, आणि पट्टा लावत होता.