बारा वाजताच्या घोंगड्या

रोज दुपारी बाराच्या ठोक्याला आमचे शेजारी गेनभाऊ खांद्यावर घोंगड्यांची चवड घेऊन गच्चीवर चढतात आणि आपल्या सहा सोलर पॅनेलांवर एकेक घोंगडी घालून त्यांना निजवतात. कडा नीट खोचतात. वारा असेल तर कोपऱ्यावर विटेचा तुकडा ठेवतात. एक वाजता पुन्हा वर येऊन घोंगड्या काढतात, झटकतात, घडी घालतात आणि पॅनेलांना म्हणतात, "उठा आता. लई झालं."

ईशान आणि मीरा, तुम्हाला हे खोटं वाटेल. तुमच्या मेलबर्नच्या घरावरही पॅनेल आहेत, पण त्यांच्याशी कोणी बोलत असेल असं वाटत नाही. तुमच्या या आजीने चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते आहे.

गेनभाऊंचं घर आमच्या घराला लागून. पेठेच्या मुख्य रस्त्यावरून आत वळलं की पहिलं त्यांचं, दुसरं आपलं. त्यांच्या घराण्यात पूर्वी मेंढ्या होत्या. वडील पावसाळा सरला की कळप घेऊन घाटघरवरून नाणेघाट उतरून कोकणात जायचे. गेनभाऊही विशीपर्यंत त्यांच्या मागे चालले. मग शेती आली, मेंढ्या गेल्या. पण मेंढ्या गेल्या म्हणून मेंढपाळ जात नाही. आता सत्तरी गाठली तरी गेनभाऊ रस्त्याने चालताना मध्येच थांबून मागे वळून पाहतात. मागे कोणी नसतं.

त्यांचा मुलगा संपत तमिळनाडूत होसूरला एका कारखान्यात आहे. बायको-मुलगी तिकडेच. हौसाबाई, म्हणजे गेनभाऊंच्या मंडळी, तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून मोठ्या घरात गेनभाऊ एकटे. "आबा, सोलर बसवून घ्या, लाइटबिलाचा त्रास संपेल," असं संपतने वर्षभर सांगितलं आणि शेवटी जुन्नरहून रफिकभाईंना पाठवून दिलं.

रफिकभाई सोलर बसवण्यात वाकबगार, पन्नाशीचे, शांत डोक्याचे गृहस्थ. पहिल्याच दिवशी दिशेवरून वाद झाला. पॅनेलांची तोंडं दक्षिणेला करायची म्हटल्यावर गेनभाऊ अडून बसले.

"दक्षिणेला तोंड करून आमच्यात जेवाय बी बसत न्हाईत."

"काका, पण ऊन तिकडून येतं."

"मग उनाला सांगा इकडून यायला!"

शेवटी मला बोलावणं आलं. मी सूर्याचा मार्ग कागदावर काढून दाखवला. गेनभाऊंनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बाई म्हंत्यात तर बसवा. पर ही जेवनार काय, ते मला इचारू नका."

बसवून झाल्यावर मात्र त्यांचा नूरच पालटला. आठ दिवसांत सहाही पॅनेलांना नावं मिळाली. चांदी, बाणी, काळी, मोरी, पाटलीन आणि लंगडी. लंगडीच्या चौकटीचा एक कोपरा बसवताना चेपला होता. ही नावं त्यांच्या जुन्या कळपातली. रोज संध्याकाळी गच्चीवर उभं राहून ते दोन बोटांनी जोड्या मोजत. दोन, चार, सहा. मी एकदा विचारलं, "गेनभाऊ, बोल्टने आवळलेली पॅनेलं जाणार कुठे?"

"न्हाई जात, बाई. पर मोजल्याबिगर भाकर गोड लागत न्हाई. जितराब हाय."

"जितराब हाय", म्हणजे पाळलेली जनावरं आहेत, हे त्यांचं सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर. पॅनेलं पुसताना ते कोमट पाणी घेत, थंड पाण्याने बुजतील म्हणून. गावात लाइट गेली की हे सोलरही थांबतं. तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. त्यावरून पारावरच्या लोकांनी चिडवलं, "काय गेनभाऊ, लाइट गेली की तुमची बी मेंढरं मुकी व्हय?" तर म्हणाले, "मग? समदी एका कळपातली हायेत. म्होरकं थांबलं की मागची थांबत्यात. तुमास्नी काय कळायचं, राव?" विद्युतजालाचं इतकं सोपं स्पष्टीकरण मला चौतीस वर्षांत सुचलं नव्हतं.

घोंगड्या मात्र उन्हाळ्यात सुरू झाल्या. मी आमच्या गच्चीवरून पाहिलं आणि हाक मारली.

"अहो गेनभाऊ, हे काय? ऐन उन्हात झाकून ठेवलंत तर वीज कशी होणार?"

"बाई, मेंढरू सुदिक दुपारच्याला झाडाखाली बसतंय. ही बिचारी सकाळधरनं उनात उभी. घटकाभर इसावा नगं?"

यावर विज्ञानाकडे उत्तर होतं, पण गेनभाऊंसाठी नव्हतं. मी खाली आले.

दोन-तीन आठवड्यांनी रफिकभाई आले. मग पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला घाम पुसत आमच्या ओट्यावर बसले. संपतच्या फोनवर या सोलरचं ॲप आहे. किती वीज तयार होते ते त्याला होसूरला बसून दिसतं आणि वीज बंद झाली की फोन वाजतो. रोज बारा वाजता त्याचा फोन वाजत होता. रफिकभाई दर वेळी दुपारनंतर यायचे, तेव्हा सगळं ठणठणीत असायचं. गेनभाऊंना विचारलं तर ते म्हणत, "काय की बाबा. मला त्यातलं काय कळतंय?"

त्याच दुपारी संपतचा मला फोन आला. "बाई, काय होतंय नक्की? रोज बाराला बंद पडतंय. मी रोज आबांना फोन करतो, ते काही नीट सांगत नाहीत. इकडचं तिकडचं बोलतात. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

मी अत्यंत व्यवस्थित बाई आहे, हे तुमची आई तुम्हाला सांगतेच. चूक दिसली की मला ती दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. मी संपतला घोंगड्यांचं सगळं सांगितलं. तो इतका हसला की मलाही हसू आलं. "कमाल आहे आबांची! सांगतो त्यांना. आणि तो ॲपचा भोंगाही बंद करून टाकतो, बारा वाजता जेवायला बसलो की नेमका वाजतो." रफिकभाई निश्चिंत होऊन जुन्नरला गेले. एक प्रश्न सुटला म्हणून मी चहा केला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता गेनभाऊ घोंगड्या घेऊन वर आले. पांघरून झाल्यावर कठड्याला टेकून बसले. फोन गुडघ्यावर. मी कपडे वाळत घालत होते. त्यांनी फोन उचलून पाहिला, खाली ठेवला. पुन्हा उचलला, उजेडात धरून पाहिला, सदऱ्याला पुसला. एक वाजला. ते उठले, घोंगड्या काढल्या, पण "उठा आता" म्हणाले नाहीत.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ते वर आलेच नाहीत. संध्याकाळी मोजायलाही नाही. मी डब्यात थोडा शिरा घेऊन त्यांच्याकडे गेले. ते पडवीत घोंगड्यांच्या चवडीवर बसले होते.

"तुमीच सांगितलं न्हवं संपतला?"

"हो. मला वाटलं, वीज वाया जाते."

"जाती की." त्यांनी खालच्या घोंगडीची कड सरळ केली. "पयल्या दिशी खरंच इसाव्यालाच टाकली व्हती, बाई. द्येवाशपथ. आन् पाच मिन्टांत संपतचा फोन. बारा वाजता! कामाच्या दिवशी! हौसा गेल्यापासनं तो आइतवारचा फोन करायचा. 'बरं हाय का? गोळ्या घेतल्या का? ठेवतो.' त्या दिशी म्हनला, 'आबा, काय झालं?' मी म्हनलं, काय न्हाई. तर म्हनला, 'जेवलात का?' मी म्हनलं, भाकर आन् मेथी. तर म्हनला, 'आईच्या हातच्या मेथीची आठवण झाली.' पंधरा मिन्टं बोलला, बाई. दुसऱ्या दिशी परत टाकली."

"मग तुम्हीच फोन करायचा ना बाराला."

"आमी केला तर तो कामात असतो. त्यानं केला की त्याला टाइम असतोय."

हे वाक्य ऐकून मी शिऱ्याचा डबा उघडायचं विसरले. संपतला मी समजावून सांगते, असं म्हटलं, तर त्यांनी हात जोडले. "नगं, नगं. त्याला कळलं तर मुद्दाम करंल. मुद्दाम केल्यालं वळखू येतंय."

घरी येऊन मी बराच विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा, ठरवून, व्यवस्थित खोटं बोलायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी संपतला फोन लावला.

"संपत, मी जरा घाई केली. पॅनेल फार तापली की त्यांचं काम मंदावतं, हे खरं आहे. आबांच्या विसाव्यात अगदीच तथ्य नाही असं नाही." इथपर्यंत खोटं फारसं नव्हतं. "पण घोंगडी वेळेवर काढायला हवी, नाहीतर आत उष्णता कोंडते. आणि आबा विसरतात. तू रोज बाराच्या सुट्टीत फोन करून आठवण करत जा."

"बाई, तुम्हीच का नाही सांगत शेजारून?"

"मी त्या वेळी झोपते."

तुम्हाला माहीत आहे, मी दुपारी कधी झोपले नाही. पण एकदा बोलले म्हणून तेव्हापासून रोज बारा वाजता दार लावून आडवी होते. निदान तेवढं तरी खरं असावं. झोप येत नाही. खिडकीतून गच्चीवरचा आवाज येतो.

"काढतो, काढतो. आत्ताच तर टाकली. तू जेवला का? काय व्हतं डब्यात? आन् पोरगी? शाळंत गेली? ... आरं, काढतो की!"

संध्याकाळी पुन्हा मोजणी सुरू झाली. दोन, चार, सहा.

गेल्या महिन्यात तुमच्या बाबांनी हट्टाने आपल्याही गच्चीवर चार पॅनेल बसवून घेतली. रफिकभाईच आले होते. ॲप तुमच्या बाबांच्या फोनमध्ये आहे. आपल्या गच्चीवर किती ऊन पडलं, ते मेलबर्नला माझ्याआधी कळतं. बाबा रविवारी फोन करतात तेव्हा म्हणतात, "आई, सगळं व्यवस्थित चाललंय तिकडे, मला दिसतंय." आणि खरंच व्यवस्थित चाललेलं असतं, त्यामुळे बोलणं लवकर संपतं.

पॅनेल बसली त्या संध्याकाळी गेनभाऊ आले. त्यांनी वर जाऊन चारही पाहिली, दोन बोटांनी मोजली आणि जाताना ओट्यावर घड्या घातलेल्या चार घोंगड्या ठेवल्या.

"अहो, मला कशाला? मी विज्ञानाची शिक्षिका आहे, गेनभाऊ."

"असू द्या, बाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "जितराब हाय."

मी घोंगड्या कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवून दिल्या. आमच्याकडे बारा वाजतात तेव्हा तुमच्याकडे दुपार कललेली असते. शाळा सुटून तुम्ही घरी आलेले असता आणि बाबाही बहुतेक घरून काम करत असतात.

परवा मी एक घोंगडी टाकून पाहिली. एकीने वीज थोडीशीच कमी होते. कोणाच्या लक्षात येत नाही.

उद्या चारही टाकणार आहे.