प्रिंटर कोणी अडवला?

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," असं घारकाका येता-जाता सांगत. घार हे टोपणनाव त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलं होतं, खासगी गुप्तहेर शोभायला. कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधायचं काम मात्र काकूंकडे, आणि तपासाला निघताना भिंगाची पिशवीही काकूंच्याच खांद्यावर.

त्या सकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून बोलावणं आलं. दुकान दोघी जावांचं. कॉम्प्युटर दोन, पण प्रिंटर एक आणि स्कॅनरही एकच. हल्ली दोन्ही कॉम्प्युटरवरचं काम मधेच थिजायचं. मोठीला वाटे, धाकटी मुद्दाम करते. धाकटीला वाटे, मोठी. दोघींनी बोलणं टाकलं होतं आणि आता सुतार दुकानाच्या मधोमध फळी घालायला मापं घेत होता. काकूंना आठवलं, पूर्वी या दोघी एकाच डब्यात जेवायच्या.

काकांनी वायरींचा वास घेतला. "समोरच्या स्टेशनरीवाल्याचा हात आहे."

"तो महिनाभर गावाला गेलाय," मोठी म्हणाली.

"मग व्हायरस." काकांनी नाकाला रुमाल बांधला आणि सगळ्यांना लांब उभं केलं. तरी काही हललं नाही, तेव्हा ते सुताराकडे वळले. "भांडण झाल्यावर फळीचं काम कोणाला मिळालं?"

सुतारानं कानावरची पेन्सिल काढली, काकांकडे पाहिलं आणि परत कानावर ठेवली.

काकू कंटाळून स्टुलावर टेकल्या. "तुझं काम कशासाठी अडलंय गं?"

"प्रिंटरसाठी," धाकटी म्हणाली. "स्कॅनर मी घेतलाय, पण प्रिंटर ताईंकडे."

"आणि तुझं?"

"स्कॅनरसाठी," मोठी म्हणाली. "प्रिंटर माझ्याकडे, स्कॅनर हिच्याकडे."

"मग एकीनं सोडा की."

"हातातलं काम अर्धवट टाकून?" दोघी एकदमच म्हणाल्या. धाकटी थबकली आणि लाजली.

"अगंबाई, हा तर डेडलॉक. कॉलेजात शिकले होते मी. वस्तू एका वेळी एकालाच मिळते, हातातली सोडायची नाही, दुसऱ्याच्या हातातली ओढून घेता येत नाही, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. हे सगळं एकत्र जमलं की संपलं. मला यात पैकीच्या पैकी होते."

"मग इतका वेळ बोलली का नाहीस?" काकांनी विचारलं.

"तुम्ही बोलायची वाट बघत होते."

मोठीला हसू आवरेना. धाकटीनं आपलं काम रद्द केलं. प्रिंटर घरघरला, मोठीची पानं बाहेर पडली. यापुढे दोघींनीही आधी स्कॅनर मागायचा, तो मिळाल्यावरच प्रिंटर, असं ठरलं. म्हणजे एकीनं हे आणि दुसरीनं ते अडवून बसायला नको. सुतारानं टेप गुंडाळली.

काका मात्र अस्वस्थ होते. "पण या सगळ्यामागे नक्की होतं कोण?"

"चक्राकार प्रतीक्षा," काकू पुस्तकी भाषेत म्हणाल्या.

काकांचे डोळे चमकले. त्यांनी नाकावरचा रुमाल सोडला, काकूंना चलायची खूण केली आणि दबक्या आवाजात विचारलं, "या चक्राकार बाई राहतात कुठे?"