सव्वा मुठीचा निवाडा

कानबाई मातेचे चरणी मस्तक ठेवोन, तापी व बोरी उभय नद्यांस साक्ष ठेवोन, मौजे सोनपाडे, परगणे अमळनेर, प्रांत खानदेश येथील पाटील घराण्यात यंदाचे श्रावणमासी जो महाप्रसंग गुदरला, त्याची हकिकत लिहितो. वाचणारांस हसू आलेच तर रुमाल तोंडास लावावा, कारण प्रसंग गंभीर होता आणि त्यातील बहुतेक मंडळी अद्याप हयात असून तापट आहेत. आम्ही कोणाचे मिंधे नाही. या घरची फुनके-कढी खाल्ली आहे, ती दोन वेळा मागून घेतली आहे, परंतु तिचे दडपण लेखणीवर नाही. जे घडले तेच लिहू, आणि कोठे घडल्याहून चार शब्द अधिक पडले तर तो दोष कढीचा समजावा.

तर चुडामण आबा पाटील यांचे चिरंजीव कुंदनराव, यंत्रविद्येत निपुण, स्वभावे गरीब, यांनी प्रथम नरडाण्याचे औद्योगिक वसाहतीत चाकरी धरिली, आणि तेथील साहेबाशी पटेना, मग मुलूखगिरीस निघाले ते थेट सातासमुद्रापार न्यूझीलंड नामे द्वीपी जाऊन पावले. तो मुलूख कैसा म्हणाल तर माणसे थोडी, मेंढरे फार, रस्त्यास धूळ नाही, गाडीस हॉर्न असोन वाजवीत नाहीत, आणि मिरची नावापुरती. तेथे दुधाची भुकटी करणाऱ्या अजस्र यंत्रांची सुभेदारी कुंदनरावांस मिळाली, आणि धुळ्याच्या सौभाग्यवती दिपमालाबाई लग्न करोन मागाहून जाऊन मिळाल्या व तेथील इस्पितळात परिचारिका जाहल्या, आणि एक कन्यारत्न जन्मास आले, मग घर घेतले, घरामागे मेथी लाविली, ती उगवली, आणि पाय रोवले.

ऐसे असता तेथील कायद्यान्वये कुंदनराव त्या राज्याची पक्की रयत होण्यास लायक ठरले. परंतु आमचे हिंदुस्थान सरकारचा दंडक ऐसा की एका मनुष्याने दोन दरबारी मुजरा करू नये. तिकडचा पासपोर्ट हाती आला की इकडचा निळा पासपोर्ट जमा करावा. आता पासपोर्टाची नड मोठी होती. कारखानदार कुंदनरावांस यंत्रे बसविण्यास देशोदेशी पाठवीत, आणि निळा पासपोर्ट पाहताच दर वेशीवर हटकले जाई. एकदा सहकुटुंब सहलीस गेले असता दिपमालाबाई व कन्या झटदिशी पार जाहल्या आणि कुंदनरावांस खिडकीमागे बसवून ठेविले, मग कन्येने आईस पुसिले की पप्पांनी काही चोरले आहे काय. तो शब्द कुंदनरावांचे काळजात रुतला. बाकी सर्व सिद्धता जाहली, फक्त अर्जावर दस्तखत करणे राहिले, आणि हात काही केल्या उठेना.

हात न उठण्याचे कारण सव्वा मूठ गहू. ही बाब परप्रांतीयांस उलगडून सांगणे जरूर आहे. खानदेशात श्रावणात घरोघर कानबाई माता बसते, आणि तिचे नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करावयाच्या त्या घराण्यातील दर पुरुषाचे नावे सव्वा मूठ गहू सुपात घालोन, त्याच पिठाचे. ते रोट घराण्याबाहेरील माणसाने चाखू नयेत ऐसा पाटलांचा कडक कायदा. घरात आलेल्या सुना खातात, घरातून दिलेल्या लेकी खात नाहीत, आणि कोणी दत्तक गेला तर त्याची मूठ त्या सालापासून बंद. कुंदनराव परदेशी असता त्यांची मूठ एकही साल चुकली नव्हती. मातोश्री भिकुबाई फोनवर व्हिडिओ लावून मूठ कॅमेऱ्यासमोर धरीत, आणि इकडे कुंदनराव भुकटीच्या कारखान्यात उभे राहोन डोळे पुशीत, आणि गोरे सोबती विचारीत की पावडर गेली काय. आपण त्या राज्याची रयत जाहलो तर ही मूठ राहील की जाईल, हा एकच सवाल कुंदनरावांस जाळीत होता, आणि तो पुसण्यास ते रजा काढोन, कुटुंब घेऊन, ऐन कानबाईचे मुहूर्तावर सोनपाड्यास दाखल जाहले.

चुडामण आबा हे मोठे सज्जन गृहस्थ, परंतु निर्णय हा शब्द त्यांस सोसत नसे. कपाशीचे बियाणे घेण्यास अमळनेरची सर्व दुकाने फिरोन शेवटी शेजाऱ्याने घेतले तेच घेऊन येत. त्यांनी सवाल ऐकिला, डोक्यावरील टोपी काढिली, पुन्हा घातली, आणि भाऊबंदांस पाचारण केले. व्हॉट्सॲपचे हरकारे सुटले, आणि दुपार कलण्याचे आत ओट्यावर दरबार भरला. अग्रभागी भाईदास नाना, भाऊबंदकीत वडील, रोटाचे कायद्याचे मुखत्यार, पांढरे धोतर, कडक इस्त्री, सुपारी अखंड. नानांस कोणी विचारले नाही तरी ते सांगत. विचारल्यावर तर थांबविणे कठीण. तिकडे ओसरीत भिकुबाई सूप मांडीवर घेऊन गव्हाचे पोत्यापाशी बसल्या होत्या, आणि सर्वांच्या मुठी पडल्या, कुंदनरावांची तेवढी तटली, आणि गिरणीवाल्याचा निरोप येऊन गेला की रोटासाठी गिरणी धुऊन ठेविली आहे, लवकर करा.

प्रथम जमिनीचा प्रश्न निघाला. अमळनेरचे वकीलसाहेब यांनी फोनवरोन निर्वाळा दिला की वडिलार्जित जमीन पासपोर्टापायी जात नाही, आणि ते ऐकोन दोघा-तिघा चुलत भावांचे चेहरे उतरले, हे आम्ही पाहिले आहे, नावे लिहीत नाही. मग मुठीचा प्रश्न निघाला. दरबारात दोन पक्ष पडले, आणि चहा जाहला, आणि पुन्हा चहा जाहला, मग एकाने शंका काढिली की न्यूझीलंड सरकारास कुळदैवत आहे काय, आणि दुसऱ्याने जबाब दिला की मेंढी असावी, आणि त्यावरोन काही वेळ मसलत मेंढीकडे गेली.

शेवटी भाईदास नानांनी खाकरोन सुपारी ओट्याखाली टाकिली आणि फर्मान काढिले. त्याचा मजकूर येणेप्रमाणे : जो मनुष्य एका घरचे नाव टाकोन दुसऱ्या घरचे नाव राजीखुशीने घेतो, शपथ घेतो, आणि जुने घरची निशाणी परत करितो, त्यास आमचे पूर्वजांपासोन एकच शब्द आहे, आणि तो दत्तक. पासपोर्ट बदलणे म्हणजे सरकारास दत्तक जाणे. चोपड्यास दत्तक गेलेल्या आमचे चुलत्याची मूठ बंद जाहली होती, सबब कुंदनने तो कागद केल्यास त्याचीही मूठ बंद. आणि पुढे नाना फर्मानाची भाषा सोडोन आपले भाषेत म्हणाले, "दत्तक ग्या म्हंजे ग्या."

आबांनी टोपी काढिली, ती हातातच राहिली. आम्हांस मनापासून वाईट वाटले, कारण नाना दुष्ट नव्हते. त्यांस रोटाची खरोखर भीती होती, आणि दत्तकाचा दाखलाही खोटा नव्हता. कुंदनराव खांबास टेकोन उभे होते, ते खाली बसले, आणि म्हणाले की मग मी कागद करीत नाही, वेशीवर बसवून ठेवितात तर ठेवोत, पोरगी काही बोलते तर बोलो, मला मूठ पाहिजे. ऐसे म्हणोन तो चाळिशीचा मनुष्य, अजस्र यंत्रांचा सुभेदार, भर दरबारी रडू लागला, आणि भाऊबंद एकमेकांकडे पाहो लागले.

नानांस फत्ते जाहली ऐसे वाटले. त्यांनी उदार होऊन सांगितले की सूनबाईसही विचारा, ती पण राजी असावी, पुढे तक्रार नको. दिपमालाबाई दाराशी उभ्या होत्या. त्या मान खाली घालोन म्हणाल्या, "नाना, माझा पासपोर्ट तर गेल्या वर्षीच बदलला."

काय सांगावे! ओट्यावर ऐसी खळबळ उडाली की एका भाऊबंदाचा चहा दुसऱ्याचे धोतरावर गेला. कोणी म्हणाला कळविले का नाही, आणि दिपमालाबाई म्हणाल्या की कोणी विचारलेच नाही. कुंदनराव म्हणाले की मला ठाऊक होते, मीही कोणास सांगितले नाही, सांगण्याजोगे वाटलेच नाही. नानांनी क्षणभर विचार केला आणि पुरवणी फर्मान काढिले की स्त्रियांचे नावे मूठ नसते, सबब स्त्रीने कोठलाही पासपोर्ट घेतला तरी भाऊबंदकी त्याची दखल घेत नाही. दरबाराने मान डोलाविली आणि प्रकरण तेथेच निकाली निघाले.

इतक्यात आतून भांडे आदळल्याचा आवाज आला. कुंदनरावांच्या वडील भगिनी नूतनबाई, धरणगावास दिलेल्या, कानबाईचे कामास दर साल माहेरी येत. भिंती सारवणे, खीर ढवळणे, गंगाफळ म्हणजे लाल भोपळा चिरणे सर्व त्यांचे हातचे, आणि रोटाचे पान वाढले की त्या शेजारी बेबाबाईंकडे जाऊन साधी पोळी खाऊन येत. याची कोणास खंत नव्हती, खुद्द आम्हांसही नव्हती, इतके ते अंगवळणी पडले होते. त्या नूतनबाई हात पदरास पुशीत ओट्यावर आल्या, जेथे त्या कधी येत नसत, आणि त्यांचे बोलणे आम्ही फर्मान करोन लिहू शकत नाही, जैसे ऐकिले तैसे लिहितो, परप्रांतीयांनी आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी इतके ध्यानी ठेवावे.

"याना कागद बदलाना तं बठ्ठा गाव गोया करा! मन्हं नाव या घरना रेशनकार्डमातून कापं, तवय कोन्ही बैठक बसाडी व्हती का? बँड लावा, जिलबी खादी, अनी माले परकी करी टाकं. हाऊ पासपोर्ट बदलस तरी तुम्ही त्याले आंडोर म्हनतस. मी तं आठेच जनमनू, अनी माले पाव्हनी म्हनतस. मी रोट रांधू, अनी जेवाले बेबाबाईकडे जाऊ. कोन्ही इचारं का माले, नूतन तुले कसं वाटस?"

इतके बोलोन त्यांस रडू आले नाही. राग आला होता तो तैसाच चेहऱ्यावर ठेवोन त्या उभ्या राहिल्या. कुंदनराव बहिणीकडे पाहत राहिले, जणू तिला प्रथमच पाहत होते, आणि म्हणाले, "अक्का, मी बी कधी इचारं नही." हे कबूल करणे त्यांस जड गेले, ते दिसत होते.

मग सूप हलले. भिकुबाई या स्वतः शिंदखेड्याकडील, या घरात आल्या तेव्हा त्यांचे जुने नावही बदलले होते, आणि ते जुने नाव आज घरात कोणास ठाऊक नाही. त्या दरबारात कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी पोत्यात हात घातला, मूठ भरली, आणि सर्वांदेखत वरच्या पावासह सुपात सोडिली. "ही कुंदननी. जाय रे, लई ले तठला कागद. तुले मी जनेल शे, सरकारनी नही." कुंदनरावांनी मान हलविली. मग भिकुबाईंनी पुन्हा पोत्यात हात घातला. नाना म्हणाले, मुठी पुऱ्या झाल्या, आता ही कोणाची. भिकुबाई म्हणाल्या, "नूतननी."

नाना ताडकन उठले. म्हणाले, ऐसे या घरात कधी जाहले नाही, दिलेल्या लेकीची मूठ पडली तर कानबाई कोपेल, घरादारावर येईल. भिकुबाईंची मूठ सुपावर तैसीच धरलेली, आणि त्या देवीसाठी मांडिलेल्या पाटाकडे पाहोन म्हणाल्या, "कानबाई बी कोन्ही आंडेरच शे ना, नाना?"

नाना जुने दाखले आठवू लागले. मूठ सुपात पडली, आणि वरचा पाव घालणे बाकी होते, तेव्हा चुडामण आबा उठले, ज्यांनी जन्मात कोणता निर्णय केला नव्हता, ते ओट्यावरोन ओसरीत आले, कोणास न विचारता पोत्यात हात घातला, आणि लेकीचे नावे पाव मूठ आपल्या हाते घातली. त्यातले निम्मे दाणे खाली सांडले. ते नूतनबाईंनी वाकोन वेचिले.

भाईदास नानांनी चष्मा पुसिला. मग खाली पाहातच विचारू लागले की शिरपूरहून इकडे येण्यास सकाळची एसटी कोणती आहे. तेथे त्यांची कन्या सुगंधाबाई दिली आहे. त्यांनी ओट्यावरूनच तिला फोन लाविला, आणि तिकडोन ती काय म्हणाली ते आम्हांस ऐकू आले नाही, परंतु नाना तीन वेळा "हो, रोट खावालेच बलाई ऱ्हायनू" ऐसे मोठ्याने म्हणाले. ती दुसरे दिवशी आली.

दुसरे दिवशी कानबाई बसली, आरती जाहली, पाने वाढली. नूतनबाईंनी सवयीने पदर खोचला व बेबाबाईंकडे निघाल्या, तो कुंदनरावांनी हात धरोन पाटावर बसविले आणि स्वतः वाढिले. नूतनबाईंनी रोटाचा तुकडा खिरीत बुडवोन तोंडात घातला, खूप वेळ चावला, आणि डोळ्यांतून पाणी वाहात असता म्हणाल्या की खिरीत गूळ कमी पडला आहे, आणि कमी पाडणारी मीच. सर्व हसले, भिकुबाई हसल्या नाहीत, त्या लेकीच्या पानात आणखी वाढीत राहिल्या.

पुढे कुंदनराव द्वीपी परतोन दस्तखत करिते जाहले आणि शपथ घेऊन त्या राज्याची रयत जाहले, त्याचा तपशील तेथील दरबारी असेल. आमचे दप्तरी मात्र खुलासा लिहून ठेवणे प्राप्त आहे. मोहीम कुंदनरावांचे नावे निघाली, फर्माने भाईदास नानांचे नावे सुटली, परंतु फत्ते कोणाचे नावे मांडावी ऐसा सवाल पडला, तेव्हा आम्ही कोणास न विचारता ती सौभाग्यवती नूतनबाई, माहेर सोनपाडे, यांचे नावे मांडिली आहे.