धरणाकडची भिंत

हर्षालीनं कॅलेंडरचं पान भिंतीवर दाबून धरलं, तेव्हा कणकेच्या खळीचा एक ओघळ तिच्या कोपरापर्यंत आला. भिंत स्वयंपाकघराची होती, धरणाच्या बाजूची, आणि तिला खिडकी नव्हती. सगळं दुखणं तेच होतं.

माकणीतलं हे घर भूकंपानंतर बांधलेलं. बांधताना रामकिसनरावांनी, म्हणजे हर्षालीच्या सासऱ्यांनी, गवंड्याला एवढंच सांगितलं होतं, की भिंती भक्कम पाहिजेत, बाकी तुझं तू बघ. गवंड्यानं ते इतकं मनावर घेतलं की स्वयंपाकघराला खिडकी ठेवायचंच राहून गेलं. उन्हाळ्यात चुलीपुढं बसलं की तव्यावरची भाकरी आणि तव्यापुढची सून बरोबरच भाजायच्या. आणि भिंतीपलीकडं, हाकेच्या अंतरावरसुद्धा नाही, अगदी भिंतीला लागून, धरणावरून आलेला गार वारा लिंबाच्या झाडाशी खेळत बसलेला असायचा.

लग्न होऊन आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात हर्षालीनं विषय काढून बघितला होता.

"मामा, इथं एक खिडकी पाडली तर?"

"भिंतीला भोक?" रामकिसनरावांनी कानाला हात लावले. "पोरी, तू भूकंपाच्या रातीला नव्हतीस. आमी बघितलंय. भिंतीला छन्नी लावायची न्हाय."

त्या रात्रीचं नाव निघालं की घरात पुढं कुणी बोलत नसे. हर्षालीनंही विषय सोडला. एकटी होती तोवर तिनं भाजून घेतलं. पण आता तिची तान्ही लेक राजनंदिनी होती. ही बया आई दिसल्याशिवाय डोळा मिटत नसे, म्हणून झोळी स्वयंपाकघरातच टांगलेली. आणि लेकराची मान, पाठ, काखा घामोळ्यांनी लालभडक झालेल्या. झोळीतून किरकिर सुरू झाली की हर्षालीचा एक हात भाकरीवर आणि एक झोळीच्या दोरीवर. तिसरा हात असता तर तिनं भिंतच ढकलून बघितली असती.

अशात तिला मोबाईलमधल्या मॅडम भेटल्या. भेटल्या म्हणजे, लेकराला पाजता पाजता ती बघत होती तेव्हा समोर आल्या. चेहऱ्यावर घामाचा टिपूस नाही. म्हणाल्या, "जे हवंय त्याचं चित्र रोज दिसेल असं लावा. त्याच्यासमोर उभं राहा, डोळे मिटा, आणि ते मिळालंच आहे असं बघा. हसा! काही दिवसांत आजूबाजूला खुणा दिसायला लागतील. पण एक लक्षात ठेवा. कुणालाही सांगायचं नाही. सांगितलं की त्यातली ताकद जाते."

हर्षालीनं रंगाच्या दुकानाचं जुनं कॅलेंडर काढलं. त्यात एक दुमजली पिवळा बंगला होता, आणि खालच्या कोपऱ्यात स्वयंपाकघराची खिडकी, पडदा वाऱ्यानं फुगलेला. तिला तेवढी खिडकीच कापून घ्यायची होती. पण राजनंदिनी जागी झाली, कडेवर घेताच कात्रीकडं झेपावली, आणि मग एका हातानं कात्री फळीवर टाकून हर्षालीनं अख्खं पानच चिकटवून टाकलं. खिडकी जिथं हवी होती, बरोबर तिथं.

सासूबाई, द्वारकाबाई, दळण घेऊन आल्या आणि डोक्यावरचा डबा न उतरवताच थांबल्या.

"ही कुणाची गं माडी?"

"कुणाची न्हाय आत्या. असंच लावलं."

"असंच कोण माडी लावतंय? देवाबिवाचा फोटू असता तर गोष्ट येगळी."

"छान दिसतंय म्हणून."

"आन आपलं घर छान दिसंना व्हय?"

हर्षालीच्या ओठांवर खरं आलं होतं. पण मॅडमची ताकीद आठवली आणि तिनं तोंड मिटून नुसतं हसून दाखवलं. द्वारकाबाईंनी सुनेचं हसणं आजवर पुष्कळ बघितलं होतं. असलं कुलूपबंद हसणं पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या म्हाळसाबाई विरजण मागायला आल्या. दारात आल्या आणि जागीच खिळल्या. हर्षाली माडीच्या चित्रापुढं उभी. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. आणि तोंडानं म्हणत होती, "किती मोकळं वाटतंय! आता कसला ताप न्हाय."

म्हाळसाबाई विरजण न घेताच परतल्या. हे आजवर कधी घडलं नव्हतं.

"द्वारका," त्यांनी अंगणात शेंगा फोडत बसलेल्या सासूबाईंना गाठलं, "तुजी सून येगळी निघती बघ."

"कोण म्हनतं?"

"म्या माज्या डोळ्यानं बघितलं. माडीपुढं डोळं झाकून हसत हुती. मोकळं वाटतंय म्हनली, ताप न्हाय म्हनली."

"आगं, एकुलता एक लेक हाय माजा! येगळं निघायचं कुणापासनं?"

"तुज्यापासनं. आन कुणापासनं?"

द्वारकाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

शिवराज, त्यांचा लेक, लोहाऱ्यात खता-बियाण्यांच्या दुकानात कामाला. संध्याकाळी घरी आला की पाय धुवायच्या आधी मोबाईल उघडायचा आणि कुणी काही विचारलं की "व्हय" म्हणायचा. त्या दिवशी आईनं त्याला ओसरीवरच अडवलं.

"शिवा, तुज्या बायकोच्या मनात काय हाय ते तुला ठावं हाय का?"

"व्हय."

"आन तुला पटतंय ते?"

"तिला पटलं की मला पटलं," शिवराज मोबाईलवरची नजर न काढता म्हणाला, आणि आत गेला.

एवढा पुरावा पुरेसा होता. द्वारकाबाईंनी तो रामकिसनरावांपुढं मांडला.

"जायचं तर जा म्हनावं," ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "पर माडी हुईस्तवर गावात भाड्यानं ऱ्हाऊन आमची शोभा न्हाय करायची. सैपाकघर आन त्याला लागूनची आडची खोली त्यांना दिऊन टाकू. धरणाकडच्या भिंतीत येगळं दार पाडू. आपली चूल पडवीत."

"भिंत फोडायची?" द्वारकाबाईंचा आवाज चिरकला. "आवो, तुमी तर छन्नी लावू दीत नव्हता."

"घरच फुटल्यावर भिंतीला काय करायचंय?"

आता हर्षालीची बाजू बघा. बिचारीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती खुणांची वाट बघत होती. आणि खुणा तर धडाधड दिसायला लागल्या.

सकाळीच रामकिसनराव टेप घेऊन स्वयंपाकघरात आले आणि धरणाकडची भिंत मोजू लागले. हर्षालीच्या हातातली परात निसटता निसटता राहिली. ज्या माणसानं त्या भिंतीत कधी खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता, तो माणूस भिंतीवर खडूनं रेघा ओढत होता! तिनं धावत आडच्या खोलीत जाऊन डोळे मिटले आणि आणखी जोरात हसली.

मग द्वारकाबाई फळीवरची भांडी काढू लागल्या. "आत्या, मी करते की," हर्षाली म्हणाली. भिंत फोडायची तर भांडी हलवायला नकोत का, धूळ बसेल! तिला सासूबाईंचं केवढं कौतुक वाटलं. सासूबाई मात्र डोळ्याला पदर लावत दोन ढीग करत होत्या. एका ढिगात दोन पातेली, एक तवा, एक कळकट चहाची किटली. दुसऱ्या ढिगात तांब्याचा हंडा, पितळी परात, मोठी कढई, सगळे डबे, आणि स्वतःच्या लग्नात माहेराहून आलेलं, आजवर कुणाला हात लावू न दिलेलं घंगाळ.

रामकिसनरावांनी ढीग बघितले. "आगं, आपला ढीग कंचा?"

"ह्यो, बारका."

"सगळंच दिलीस की तिला!"

"तिला लेकरू हाय. आंगोळीला घंगाळ लागंल न्हाय का."

रामकिसनरावांनी बाहेर जाऊन जिल्ह्यातल्याच वाशीला व्याह्यांना फोन लावला. "पाव्हणं, पयली गाडी धरा. लेकीची वाटणी डोळ्यांनी बगून जावा."

दुसऱ्या दिवशी बंडप्पा गवंडी छन्नी-हातोडा घेऊन हजर झाला. हर्षालीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तिनं राजनंदिनीची झोळी आडच्या खोलीत हलवली आणि बंडप्पाला आल्याचा चहा दिला.

"मामा, खरंच फोडायची?"

"तुज्या मनासारखं हुतंय न्हवं?"

"व्हय मामा!" ती इतक्या लख्ख आनंदानं म्हणाली की रामकिसनरावांनी तोंड फिरवून धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

बंडप्पानं माडीचं पान जपून सोडवलं, पिठाच्या डब्यावर ठेवलं, आणि पान होतं तिथूनच सुरुवात केली. "मधनंच फोडावं म्हंजे भिंत खचत न्हाय," तो म्हणाला आणि छन्नी लावली. पहिल्या घावाला रामकिसनरावांनी डोळे गच्च मिटले. द्वारकाबाईंनी तर पदरच तोंडावर घेतला. डोळे उघडे ठेवून हसणारी घरात एकटी हर्षाली.

एवढ्यात तिचे वडील महारुद्र आले. लेकीची वाटणी बघायला जाताना काय न्यावं ते न कळल्यानं त्यांनी नेहमीसारखा खव्याचा डबा आणला होता.

"बाई," ते दारातूनच म्हणाले, "काय कमी हाय गं तुला या घरात?"

"अण्णा! तुम्ही कसे काय? कमी काय न्हाय. आता तर सगळंच हुतंय बघा."

"सगळंच हुतंय?" महारुद्रांनी डबा खाली ठेवला. "आईबापासारखी माणसं सोडून येगळी चूल मांडतीस, आन वर हसतीस?"

हातोडा थांबला. हर्षालीचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण आतून निघून गेलं.

"येगळी चूल? कुणाची?"

"तुजी!" तिघेही एकदम म्हणाले.

हर्षालीनं भोकाकडं बघितलं, दोन ढिगांकडं बघितलं, सासूबाईंच्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघितलं. मग काय ते तिच्या ध्यानात आलं.

"आत्या, अहो, मला खिडकी पाहिजे हुती. नुसती खिडकी! लेकराला वारा लागावा म्हणून."

"मग ही एवढी माडी?"

"माडी न्हाय हो!" तिनं डब्यावरचं पान ओढलं. "ही बघा, खालच्या कोपऱ्यातली. हीच कापायची हुती. राजनंदिनी कात्रीवर झेपावली म्हणून सगळं पान लावलं."

द्वारकाबाईंनी पान डोळ्यांजवळ धरलं. "आन तोंडानं सांगायला काय झालं हुतं?"

"सांगितलं की हुत न्हाय म्हणत्यात."

"कोण म्हनतंय?"

"मोबाईलमधल्या मॅडम."

"खरंय की बाईचं," द्वारकाबाई नवऱ्याकडं बघत म्हणाल्या. "तू सांगितलं असतंस, तर ह्यांनी हाणून पाडलंच असतं."

महारुद्र आधी हसले. मग द्वारकाबाई, डोळ्यातलं पाणी तसंच ठेवून. तेवढ्यात दुकानाची वेळ झाली म्हणून जेवणाचा डबा मागायला शिवराज आत आला. त्यानं भोक, ढीग आणि सासरे एकाच नजरेत बघितले आणि म्हणाला, "काय झालं?"

"मोबाईलमदी बग," आई म्हणाली.

बंडप्पानं डोकं खाजवलं. "मालक, आता खाली दारापतूर फोडू, का भोक बुजवू?"

सगळे रामकिसनरावांकडं बघू लागले. भोक परातीएवढं झालं होतं. त्यातून लिंबाची फांदी दिसत होती, आणि धरणावरचा वारा, वाट सापडल्यासारखा, आत येत होता. त्यानं मांडणीवरचं धुळीचं फडकं हलवलं, रामकिसनरावांच्या टोपीबाहेरचे पांढरे केस उडवले आणि दारातून पुढं आडच्या खोलीत गेला. तिथली किरकिर, हातोडा सुरू झाल्यापासून चाललेली, हळूहळू मंदावली आणि थांबली.

रामकिसनराव भिंतीजवळ गेले. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि कान देऊन उभे राहिले. भिंत जागेवर होती. ते पुन्हा थोडा वेळ थांबले. भिंत तरीही जागेवर होती.

"खाली जाऊ नको," ते म्हणाले. "वर भार पेलायला लोखंड घालून जाड लिंटल टाक. आन गज बसीव. लेकरू रांगाय लागंल आता." मग सुनेकडं न बघता, "मला म्हाईतच हुतं, हितं खिडकी बरी दिसंल."

"व्हय मामा," हर्षाली म्हणाली.

द्वारकाबाईंनी बारका ढीग उचलून मोठ्या ढिगावर ओतला. बंडप्पाला खवा मिळाला. म्हाळसाबाईंना विरजण मिळालं, आणि सोबत द्वारकाबाईंकडून असं काही ऐकायला मिळालं, की त्या पुन्हा आठवडाभर विरजण मागायला फिरकल्या नाहीत.

खिडकी तयार झाली. दुपारी हर्षालीनं तवा ठेवला. झोळी परत स्वयंपाकघरात आली होती. त्यात राजनंदिनी हातपाय पसरून गाढ झोपली होती, आणि मानेवरची लाली ओसरत चालली होती. हर्षालीनं पहिली भाकरी उलटली, गजांकडं तोंड केलं आणि आता उघड्या डोळ्यांनी सगळा वारा एकदम घ्यायचा म्हणून श्वास भरून घेतला.

आणि खिडकीत अंधार झाला.

बाहेर द्वारकाबाईंनी बाजलं आणून बरोबर खिडकीला लावलं होतं आणि गजांना पाठ टेकून ऐसपैस बसल्या होत्या. "लई भारी वारा हाय गं हितं," त्या सुखानं म्हणाल्या. "आजवर ठावंच नव्हतं. म्या आता रोज हितंच बसत जाईन. तुज्यासंगट बोलनं बी हुईल."

हर्षाली हळूच म्हणाली, "आत्या, जराशा सरकता का?"

"कामून?" द्वारकाबाईंनी मान न वळवता विचारलं. "येगळं निघायचंय व्हय?"

हर्षालीला इतकं हसू फुटलं की तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली. तीच तिनं गजांतून सासूबाईंच्या हातात दिली, वर लोण्याचा गोळा ठेवून. वारा आत येतच होता. फक्त द्वारकाबाईंना वळसा घालून, आणि येताना त्यांची सगळी बडबड सोबत घेऊन.