मी तो न्हाई, पन सांगा

मी लिहावे, असा माझा अधिकार नाही. आयुष्यभर इतरांचे निबंध तपासले. स्वतः चार ओळी लिहायची वेळ आली की हात आखडतो. तरीही निवृत्तीनंतर हे धाडस करतो आहे, कारण बीडजवळच्या आमच्या पाली गावच्या आसाराम अण्णांविषयी कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

अण्णांचा फोन वाजला की ते 'हॅलो' म्हणत नाहीत. घसा साफ करून म्हणतात, "मी तो न्हाई, पन सांगा."

हे अक्षरशः खरे असते. फोन अण्णांच्या हातात असला, तरी नंबर त्यांच्या धाकट्या भावाचा, रामकिसनचा असतो. दोघांनी एकत्र जाऊन, एकाच दुकानातून अगदी सारखे फोन घेतले होते; कनेक्शन मात्र ज्याच्या त्याच्या नावावर. पुढे वाटणीच्या दिवशी कडाक्याचे भांडण झाले आणि बाजेवर ठेवलेले फोन उचलून दोघे तरातरा आपापल्या घरात शिरले. रागाच्या भरात प्रत्येकाने दुसऱ्याचा फोन उचलला होता. चूक त्याच संध्याकाळी दोघांच्याही लक्षात आली. परंतु फोन परत करायला जाणे म्हणजे माघार घेणे.

"अण्णा, मधल्या भिंतीवरून नुसता हात लांब केला तरी काम होईल," मी एकदा भीतभीतच सुचवले.

"मंग करावा की त्यानं. धाकटा कोन हाय?"

रामकिसनकडे गेलो, तर तो म्हणाला, "थोरल्यानं आदी द्यावा. न्हाईतर थोरला कावून झाला?"

दोघांत बोलणे बंद, आणि एकाचे निरोप दुसऱ्याकडे. यावर अण्णांनी शोधलेला मार्ग असा : ते गोठ्यात जातात आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या बैलाशी बोलतात.

"सर्ज्या, गेवराईहून फोन आलता. पाण्याची मोटार दुरुस्त झाली म्हनं. घेऊन ये म्हनावं, न्हाईतर बसंल पिकाकडं बघत."

पलीकडे रामकिसन शेळीला सांगतो, "ऐकलं म्हनावं. आन आत्याचे गुडघे लई दुखायलेत. तिला फोन कर म्हनावं, नुसतं बैलाशी गप्पा हानीत बसू नको."

दोन्ही जनावरे शांतपणे रवंथ करीत असतात. साऱ्या भावकीच्या बातम्या त्यांना माहीत आहेत.

अण्णांनी नुसते निरोप पोचवले असते तर एक वेळ निभले असते. पण ते चौकशी करतात, सल्लाही देतात. रामकिसनच्या मुलासाठी आष्टीकडच्या पाहुण्यांचा फोन आला, तेव्हा "मी तो न्हाई, पन सांगा" म्हणून त्यांनी मुलीचे शिक्षण, स्वभाव, मामाचे गाव इथवर सगळे विचारून घेतले. वर सांगितले, "पोरगं सोन्यासारखं हाय बघा. बाप तेवढा आडमुठा हाय, पन पोरीला कुठं त्याच्यासंगं नांदायचंय?" पाहुण्यांना हा मोकळेपणा इतका भावला की त्यांनी सुपारी फोडण्याचा दिवस अण्णांशीच पक्का केला.

रामकिसन भडकला. शेळी दचकावी अशा आवाजात म्हणाला, "बास झालं. आता कंपनीत जाऊन ज्याचा नंबर त्याला करून घ्यायचा. सोमवारी बीडला येतो का म्हनावं."

"येतो म्हनावं," अण्णांनी बैलाला सांगितले.

जे काम भिंतीवरून हात पुरवून झाले असते, ते आता कंपनीने दोन करारांवरचे नंबर आपसात बदलून करायचे होते. यात कुणालाच कुणाच्या हाती काही द्यावे लागत नव्हते. योजना तर्काला धरूनच होती, म्हणून मीही मध्यस्थ म्हणून गेलो.

दुकानात मी मध्ये बसलो, दोन बाजूंना दोघे. काउंटरवरच्या बाईंनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग फोनच का नाही बदलत तुम्ही?" दोघांनी छताकडे पाहिले. बाईंनी सुस्कारा सोडला. "बरं. दोन्ही फोनवर एकेक आकडा येईल. तो वाचून दाखवा. दोन्ही जुळले की लगेच होईल."

रामकिसनने वाचला, चुकला. सातला तो एक म्हणाला होता. चष्म्याचा दोष असेल, असे मला वाटले. मग अण्णांची पाळी. वर्तमानपत्रातल्या बारीक जाहिरातीसुद्धा चष्म्याविना वाचणाऱ्या अण्णांनी शेवटचा अंक सरळ गाळला. मी चमकून पडद्याकडे पाहिले, तर त्यांनी तो तळहाताने झाकला. पुन्हा आकडे आले, पुन्हा दोघे चुकले. शेवटी यंत्रानेच नकार दिला.

"मशीनच खराब हाय," अण्णा समोर पाहत म्हणाले.

"खराबच हाय," रामकिसन म्हणाला.

वाटणीनंतर दोघांत जनावरावाचून झालेले हे पहिले संभाषण.

परतल्यावर अण्णा माझ्या ओट्यावर टेकले. हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, ज्याचा फोन त्याला गेल्यावर म्या त्याला हाक कशापायी मारायची?"

येत्या सोमवारी पुन्हा जायचे आहे. या खेपेला आकडे गुरुजींनीच वाचावेत, असे बाईंनी बजावले आहे. मला ते स्पष्ट दिसतील, यात शंका नाही. वाचकहो, मी ते बरोबर वाचू का?