दीनानाथांचा डावा स्पीकर

“देवानं माणसाला दोन कान दिले ते स्टिरिओसाठीच,” दीनानाथ रिसबुडांनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केले.

“चष्मा अडकवायलाही दिलेत,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “आणि तो मघापासून बाथरूममध्ये पडलाय.”

दीनानाथांनी चष्मा आणला, पण मत बदलले नाही. कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीत गाणे आवडणारी माणसे पुष्कळ, पण कान असलेला माणूस एकच, असे त्यांचे मत होते. ते इतक्यांदा ऐकवले गेले होते की आता सोसायटीचेही तेच मत झाले होते. गणपतीतल्या गायनस्पर्धेला परीक्षक तेच. गेल्या गणपतीत तर त्यांनी शेजारच्या यज्ञेश्वर पेंडश्यांना भर मांडवात सांगितले होते, “गाणं ठीक. तुमचा तबला मात्र ऐकूच आला नाही.” तेव्हापासून पेंडसे जिन्यात त्यांच्याशी बोलत नसत. रेडिओ मोठा झाला की मधल्या भिंतीवर काठी तेवढी ठोकत.

असल्या लोकांना खरे ऐकणे म्हणजे काय ते एकदा दाखवायचेच, म्हणून दीनानाथांनी रविवारी नव्या स्पीकरांचे उद्घाटन ठरवले आणि मुद्दाम पेंडश्यांनाही बोलावले. स्पीकर अजून घ्यायचे होते. म्हणजे आता प्रश्न स्पीकरचा नव्हता, दीनानाथांच्या कानाच्या इभ्रतीचा होता.

सल्लागार म्हणून जब्बारभाई तांबोळी आले. टेलिफोन खात्यात दोघांची उभी नोकरी शेजारशेजारच्या टेबलांवर झाली होती. जब्बारभाईंच्या कसबा पेठेतल्या घरात स्पीकर इतके होते की त्यातल्या दोनांवर कमरजहांवहिनींनी कुंड्या ठेवल्या होत्या. दुकानात दीनानाथांनी पेटाऱ्याएवढी एक जोडी पसंत केली. जब्बारभाईंनी ती उलटी फिरवून पाहिली.

“नाही चालायची, दिनू. ज्याला मागून भोक, तो भिंतीला लावायचा नाही. आवाज भिंतीवर आपटतो आणि नुसतं घुमत बसतं.”

शेवटी चपटी, पुढून भोक असलेली जोडी घरी आली, आणि मग ती लावायची कुठे, हे कोणी पाहिलेच नव्हते असे लक्षात आले. खोलीला भिंती चार, पण रिकामी एकही नव्हती. एकीला खिडकी. दुसरीवर देव्हारा आणि स्वयंपाकघराचे दार. तिथे ड्रिल लावायचे नाही, हे मंदाकिनीबाईंनी ड्रिल घरात येण्याआधीच सांगून ठेवले होते. तिसरीच्या पलीकडे पेंडसे आणि काठी. राहिली चौथी. तिच्या उजव्या अंगाला दिव्याची बटणे होती, ती थोडी जागा द्यायला तयार होती. डाव्या अंगाला मंदाकिनीबाईंच्या कैलासवासी वडिलांचा फोटो होता. बऱ्याच वाटाघाटींनंतर सासरेबुवा तात्पुरते फ्रिजवर गेले.

दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे, असे जब्बारभाईंचे शास्त्र होते. तिसरे टोक नेमके स्वयंपाकघराच्या दारात आले. दीनानाथांनी तिथे खुर्ची मांडली आणि डोळे मिटले. मंदाकिनीबाई ताकाचे भांडे घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला येऊन दोनदा “अहो, सरका” म्हणाल्या आणि शेवटी अंग चोरून निघून गेल्या. जब्बारभाईंनी तबकडी लावली. सतार उजवीकडून, तबला डावीकडून.

“डावा मुका आहे,” दीनानाथ म्हणाले. “पेंडश्यांच्या घरात वाजल्यासारखा येतोय.”

“मला तर वाजतोय.”

“तुला वाजतोय असं वाटतं. तू त्रिकोणाच्या बाहेर उभा आहेस.”

नोकरीभर असल्या वादात हरलेल्या जब्बारभाईंनी पेचकस उचलला. त्यांनी डावा उजवीकडे टांगला, उजवा डावीकडे. डावा मुकाच. वायरी बदलल्या. तरी तेच. आणखी एक-दोन खेपा झाल्या, तेव्हा जब्बारभाईंनाही डावा जरा कमी ऐकू येऊ लागला.

“म्हणजे दोष भिंतीत,” दीनानाथ म्हणाले. मग त्यांची नजर फ्रिजकडे गेली. “माझं गाण्याचं वेड यांना हयातीत कधी पटलं नाही. आता जागा सोडवत नाहीये.”

मंदाकिनीबाई पदराला हात पुसत समोर येऊन उभ्या राहिल्या. “बाबांना मध्ये आणू नका. त्यांना गाण्याचं काही नव्हतं. तुम्हीच पटला नव्हतात.” आणि त्या खुर्चीच्या डावीकडून आत निघाल्या.

उत्तर द्यायला दीनानाथांनी मान डावीकडे वळवली आणि उत्तर विसरले. “जब्बार, वाजला! दोन्ही वाजले!” मान सरळ केली. “गेला.” हे सांगायला ते उजवीकडे जब्बारभाईंकडे वळले. “अरे, आता तर दोन्ही गेले.”

जब्बारभाई पेचकस हातात धरून तबकडीकडे पाहत राहिले. ती फिरत होती. त्यांचेही डोके फिरत होते.

मंदाकिनीबाई मागे फिरल्या. त्यांनी नवऱ्याच्या उजव्या कानात बोट घातले आणि डाव्या बाजूने विचारले, “आता काय ऐकू येतंय?”

दीनानाथांनी उत्तर दिले नाही. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांनी डाव्या कानातून हरभऱ्याएवढा मळ काढला आणि बराच जुना आहे म्हणून सांगितले.

“गणपतीच्या आधीचा असेल?” जब्बारभाईंनी हळूच विचारले.

“कुठल्या वर्षीच्या?” डॉक्टर म्हणाले.

परतताना दीनानाथ रिक्षात डावा कान चोळत बसले. भर मांडवात पेंडसे त्यांच्या डाव्या हाताला बसून तबला वाजवत होते, हे त्यांना आठवत होते. जब्बारभाईंनी कुणाला काही न सांगण्याचे कबूल केले; मंदाकिनीबाईंनी कबूल केले नाही, पण सांगितलेही नाही. रविवारी पेंडश्यांची माफी मागायची, असे दीनानाथांनी रिक्षातच ठरवून टाकले.

रविवारी खोली भरली. दीनानाथ त्रिकोणाच्या टोकावर बसले आणि पेंडश्यांना त्यांनी मुद्दाम डाव्या हाताला, मानाने बसवले. तबकडी सुरू झाली. सतार उजवीकडे, तबला डावीकडे, एकेक बोल सुटा. दीनानाथांचे डोळे भरून आले. मग त्यांना पंख्याची करकर ऐकू आली. खिडकीशी कोणीतरी पोहे कधी येणार म्हणून विचारत होते, तेही ऐकू आले. परीक्षक असूनही खुर्ची दारात का ठेवली असेल, यावर दोघांची कुजबुज चालली होती, ती तर अक्षर न् अक्षर ऐकू आली.

तेवढ्यात पेंडश्यांना राहवेना. त्यांनी खुर्चीच्या हातावर तबल्याला साथ सुरू केली. दीनानाथांनी श्वास रोखून पेंडश्यांचा तबला आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. सम आली. सगळ्यांच्या माना डोलल्या. सम गेली. त्यानंतर सावकाश पेंडसे समेवर आले.

“काय परीक्षक,” पेंडसे त्यांच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाले, “आता येतोय ना ऐकू?”

“येतोय,” दीनानाथ म्हणाले. माफीचे वाक्य ओठांपर्यंत आले होते, ते त्यांनी गिळले. पेंडश्यांचा उत्साह दुणावला. आता दोन्ही हात चालू झाले.

दीनानाथांनी हळूच मान मागे, स्वयंपाकघराकडे वळवली.

“अगं, घरात थोडा कापूस आहे का?”

“कशाला?”

“असाच. वातीचा असला तरी चालेल.”