शेरवानीतला कापूस

बन्सीला मुलगी बघायला जायचं होतं आणि वडिलांची शेरवानी त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखी लोंबत होती. निजाम गेला तरी शेरवानीचा रुबाब गेला नव्हता. पण वडील धिप्पाड होते आणि बन्सी म्हणजे काडी. त्यात मुलीचे वडील, पिशोरचे काकासाहेब, तालमीत वाढलेला माणूस.

थोरली बहीण द्वारकाबाई मात्र डगमगल्या नाहीत. कापसाच्या त्यांनी आजवर वाती वळल्या होत्या, दुखरे कान बुजवले होते, जखमा बांधल्या होत्या. आता भाऊ भरायचा होता. त्यांनी जुनी रजई उसवली आणि शेरवानीच्या अस्तराखाली खांदे, दंड, छाती सगळं ठासून भरलं. आरशात पाहून बन्सी स्वतःलाच दबकला.

काकासाहेब मुलीला घेऊन औरंगाबादेत मेहुण्याकडे उतरले होते. बन्सीची छाती बघूनच ते खूश झाले. रोज जोर किती काढता, असं त्यांनी विचारलं.

"मोजत नाय तो," द्वारकाबाई घाईनं म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांची मुलगी सरू चहा घेऊन आली. ती वाकली आणि वाफाळता चहा थेट बन्सीच्या छातीवर सांडला. सगळे ताडकन उठले. बन्सी तेवढा बसून, सरूकडे बघत.

"पोळलं नाय?" काकासाहेबांनी विचारलं.

"नाय."

काकासाहेब थक्क झाले. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं ते मेहुण्याला सांगू लागले. पण भिजलेला कापूस जड झाला, टाके सुटले आणि बोलता बोलता जावयाची छाती पोटावर उतरली. काकासाहेब त्या पोटाकडे बघू लागले. द्वारकाबाई उन्हाला दोष देऊ लागल्या. बन्सीनं मात्र गुंड्या सोडल्या. ओला गोळा मांडीवरून जमिनीवर पडला.

"शेरवानी बापाची, छाती अक्कानं शिवलेली," तो म्हणाला. "माझं एवढंच हाय."

काकासाहेबांनी मेहुण्याला गाडी जुंपायला सांगितली. तेव्हा दारातून सरू बोलली.

"आबा, बसा. चहा म्या मुद्दाम सांडला. खांद्याच्या शिवणीतून कापूस डोकावत व्हता. आत माणूस किती हाय, ते बघायचं व्हतं."

"मंग? किती हाय?"

"लागतो तेवढा हाय. खरं बोलला की."

काकासाहेब पुन्हा खाली बसले. बन्सीला तर हसावं की रडावं तेच कळेना. द्वारकाबाई जमिनीवरचा कापूस गोळा करत होत्या. भावाचं जमलं याचा त्यांना आनंदच झाला. पण या भावजयीपुढं यापुढं आपलं काही चालायचं नाही, हेही त्यांना तिथंच कळून चुकलं.